जहाजाच्या पिछाडीचा सज्जा

बिऱ्हाड शोधणारा मनुष्य खोली पाहण्यास गेला म्हणजे भाडें विचारण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहतो : वारा कोठून येतो आणि शेजार कोणाचा आहे. समुद्रावरील खोली निवडतांनाहि हेच दोन प्रश्न पुढें येतात. ज्यांना क्रूझ म्हणण्याची वहिवाट पडली आहे त्या सहलीच्या प्रचंड जहाजांवर जाणाऱ्या उतारूंमध्यें एक वर्ग असा आढळतो कीं, जहाजाच्या अगदीं पिछाडीची, सज्जा असलेली केबिन मिळावी म्हणून तो कित्येक महिने आधीं खटपट करतो. दुसरा वर्ग त्याच केबिनीचें नांव निघतांच नाक मुरडतो. तेथें हादरे बसतात, बोट लागते आणि जेथें जावें तें ठिकाण दूर पडतें, असें त्याचें म्हणणें. दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत तथ्य आहे. परंतु हा वाद आजचा नव्हे. गेल्या चार शतकांत जहाजाची पिछाडी एकदां श्रेष्ठांची जागा होती, नंतर ती गरिबांच्या वांट्यास आली, आणि आतां पुन्हां पैसेवाल्यांची झाली आहे. या उलथापालथीचा इतिहास पाहिला म्हणजे कळून येतें कीं, मानाची जागा केवळ माणसाच्या हौशीनें ठरत नाहीं. जहाजाला चालविणारी शक्ति कोठें आहे, हें आधीं पाहावें लागतें.

शिडांच्या जहाजाचा खरा धनी वारा. चौकोनी शिडें उभारलेलें जहाज मागून किंवा बाजूनें येणाऱ्या वाऱ्यावर चाले. त्यामुळें माणसांच्या दाटीचा, ओल्या दोरखंडांचा व तळाशीं सांचलेल्या पाण्याचा दर्प बहुधा पुढें वाहून जाई. सामान्य खलाशांची शौचाची सोयहि अगदीं नाळेपाशीं केलेली असे, आणि समोरून येणाऱ्या लाटेचा पहिला तडाखा बसे तोहि नाळेवरच. पिछाडीस मात्र हवा स्वच्छ, जागा कोरडी आणि सुकाणू जवळ. म्हणून कप्तान मागें राही व खलाशी पुढें राहत. ही व्यवस्था एकट्या युरोपाची नव्हे. कोंकण किनाऱ्यावरील गलबतांतहि सुकाणू धरणारा तांडेल मागेंच बसतो.

या मागल्या भागांत जहाजाच्या रुंदीइतकी ऐसपैस खोली बांधीत व तिच्या मागल्या भिंतीस खिडक्यांची रांग ठेवीत. अंधाऱ्या जहाजांत भरपूर उजेडाची अशी ही एकच जागा. वाड्याची शोभा जशी दर्शनी भिंतीवरून पारखावी, तशी जहाजाची शोभा त्याच्या पाठीवरून पारखण्याचा तो काळ होता. स्वीडनच्या राजानें बांधविलेलें 'वासा' हें जहाज १६२८ सालीं पहिल्याच सफरीवर निघून स्टॉकहोमच्या बंदरांतच बुडालें. १९६१ सालीं तें पाण्याबाहेर काढण्यांत आलें. त्याच्या उंच पिछाडीवर सिंहांसह कोरलेलें राजचिन्ह आजहि पाहावयास मिळतें. पुढें मोठ्या लढाऊ जहाजांच्या खिडक्यांबाहेर उघडे सज्जेहि आले. शेंकडों माणसें खांद्यास खांदा लावून जेथें राहत, तेथें एकट्यानें चार पावलें फिरावयास मिळावीं, यापरतें दुसरें ऐश्वर्य नव्हतें. तें दर्यासारंगाला किंवा कप्तानालाच लाभे.

या ऐश्वर्यांत एक उणीव होती. जहाजाच्या दोन्ही बगला जाड लाकडाच्या, पण पाठ कांचेची. शत्रूचें जहाज मागून आडवें गेलें व त्यानें तोफा डागल्या म्हणजे गोळे खिडक्यांतून शिरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जात. २१ ऑक्टोबर १८०५ रोजीं ट्राफल्गारच्या लढाईंत नेल्सनच्या 'व्हिक्टरी'नें फ्रेंच सेनापति व्हिलनव्ह याच्या 'ब्यूसाँतोर' जहाजाची पाठ अशीच फोडली आणि क्षणांत माणसांची भयंकर हानि झाली. खुद्द 'व्हिक्टरी' १७६५ सालीं पाण्यांत उतरली तेव्हां तिलाहि उघडे सज्जे होते. १८०० ते १८०३ या वर्षांत झालेल्या मोठ्या दुरुस्तींत ते बंद करण्यांत आले. पुढें इंग्रजी आरमाराचा सर्व्हेयर झालेला रॉबर्ट सेपिंग्ज यानें पिछाडी गोल व भक्कम बांधण्याची पद्धति सुरू केली. अधिकाऱ्यांना ती रुचली नाहीं. जहाज अधिक बळकट झालें हें खरें, पण त्यांच्या खोलीची शोभा गेली. सुरक्षितता आणि सुखसोय यांचें हें भांडण सज्जाच्या इतिहासांत पुढेंहि भेटणार आहे.

लढाऊ जहाजांवर पिछाडीची जागा हुद्द्यानें मिळे, तर व्यापारी जहाजांवर ती पैशानें मिळे. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानास येणारा उतारू भाड्याचा सौदा बहुधा कप्तानाशींच करी. खोली म्हणजे किंतानाच्या किंवा फळ्यांच्या आडोशानें पाडलेला कप्पा. खाट, मेज, खुर्ची ज्याची त्यानें आणावयाची. उत्तम कप्पे पिछाडीस असत, पण त्यांतहि निवड होतीच. वरच्या मजल्यावरील राउंडहाउस हवेशीर व उजेडाचें, परंतु त्याच्या डोक्यावर खलाशांची धांवपळ आणि कोंबड्यांचीं खुराडीं. खालची मोठी केबिन शांत, परंतु समुद्र खवळला कीं तिच्या खिडक्या बंद कराव्या लागत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून होणारा प्रवास पांच-सहा महिन्यांचा. त्यामुळें हा निर्णय कांहीं किरकोळ नव्हता.

त्या काळची पिछाडी कशी असे याची एक साक्ष मुंबईच्या गोदींतून गेलेली आहे. वाडिया घराण्याच्या कारागिरांनीं सागवानी लाकडांतून बांधलेलें 'ट्रिंकोमाली' हें लढाऊ जहाज १८१७ सालीं मुंबईस पाण्यांत उतरलें. दोनशें वर्षें उलटून गेलीं तरी तें इंग्लंडांतील हार्टलपूल येथें तरंगत आहे आणि कप्तानाची खोली त्याच्या पिछाडीसच आहे. मुंबईच्या सुतारांच्या हातचें हें काम अद्याप टिकून आहे.

एकोणिसाव्या शतकांत जहाजाचा धनी बदलला. वाऱ्याच्या जागीं वाफ आली. प्रथम आगबोटींना बाजूस चाकें असत. १८४३ सालीं ब्रिस्टल येथें ब्रूनेलचें 'ग्रेट ब्रिटन' हें लोखंडी जहाज पाण्यांत उतरलें, त्याला मात्र मागें मळसूत्री पंखा होता. हा पंखा लौकरच सर्वत्र रूढ झाला. येथेंच पिछाडीचें दैव फिरलें. पंख्याचें प्रत्येक पातें तळाखालून जातांना पाण्याचा एक धक्का वर देतें, आणि असे धक्के रात्रंदिवस बसत राहिले कीं मागल्या भागांतील भिंती, पलंग व पेले थरथरूं लागतात. शिवाय वाऱ्याकडे तोंड करूनहि आगबोट चालत असल्यामुळें धूर व काजळी मागें येऊं लागली. ज्या कारणांनीं पिछाडी उत्तम ठरली होती तीं सारीं उलटलीं. तरीहि बांधणारांची जुनी संवय सुटेना, आणि पहिल्या वर्गाचे उतारू अनेक वर्षें मागेंच राहून हादरे सोसत राहिले.

ही रूढि मोडण्याचें श्रेय व्हाइट स्टार कंपनीच्या 'ओशनिक' जहाजास दिलें जातें. बेलफास्ट येथें बांधलेलें हें जहाज १८७० सालीं पाण्यांत उतरलें व १८७१ सालीं पहिल्या सफरीस निघालें. त्यावर पहिल्या वर्गाच्या खोल्या व भोजनगृह मध्यभागीं आणलें होतें. यामागील तत्त्व सोपें आहे. तराजूची दांडी हलते तेव्हां तिचीं टोकें खालींवर होतात आणि मध्य जवळजवळ स्थिर राहतो. लाटांवर चढणाऱ्या-उतरणाऱ्या जहाजाचेंहि तसेंच. मध्यभागीं हेलकावे कमी, पंख्याचे हादरे कमी. श्रीमंत उतारू मध्यावर आले तेव्हां टोकें कोणास मिळालीं हें सांगावयास नकोच. अमेरिकेस पोट भरण्यासाठीं निघालेले गरीब लोक एकटे पुरुष असल्यास नाळेकडे आणि बायकामुलें असल्यास पिछाडीकडे जाऊं लागले. सर्वांत स्वस्त वर्गाला इंग्रजींत 'स्टीअरेज' म्हणत. तो शब्द सुकाणूशीं नातें सांगणारा आहे.

या वांटणीचा जमाखर्च १५ एप्रिल १९१२ च्या पहांटे मांडला गेला. 'टायटॅनिक' जहाजावर पहिल्या वर्गाच्या दोन सर्वोत्तम दालनांना स्वतःचे खासगी फेरफटक्याचे मार्ग होते. आजच्या सज्जाचे ते पूर्वजच म्हणावयाचे, आणि ते जहाजाच्या मध्यापाशीं होते. तिसऱ्या वर्गाचीं कुटुंबें पिछाडीस, खालच्या मजल्यांवर होतीं. जीवरक्षक होड्या वरच्या डेकवर, म्हणजे पहिल्या वर्गाच्या उंबरठ्यावर. पिछाडीहून तेथें पोहोंचण्यास लांबचा व गुंतागुंतीचा मार्ग काढावा लागे. पहिल्या वर्गाच्या उतारूंपैकीं सहा दशांशांहून अधिक वांचले. तिसऱ्या वर्गापैकीं सुमारें एक चतुर्थांशच वांचले. खोली कोठें आहे हा प्रश्न त्या रात्रीं सुखसोयीचा राहिला नव्हता.

पिछाडीला पुन्हां मान देण्याचा धाडसी प्रयत्न फ्रेंचांनीं केला. १९३५ सालीं निघालेल्या त्यांच्या 'नॉर्मंडी' जहाजावर 'दोव्हिल' व 'त्रूव्हिल' नांवाचीं दोन अत्यंत महागडीं दालनें होतीं. स्वतंत्र भोजनाची खोली, पियानो आणि मागच्या बाजूस खासगी गच्ची असा त्यांचा थाट. परंतु पहिल्या सफरींतच जहाजाचा मागला भाग असा कंप पावूं लागला कीं मालकांची झोंप उडाली. अखेर तीन पात्यांचे पंखे काढून चार पात्यांचे बसविले, तेव्हां कंप पुष्कळ कमी झाला. केवळ रंगरंगोटीनें भागणार नाहीं, पिछाडीला मान द्यावयाचा तर आधीं पंख्याला शांत केलें पाहिजे, हा धडा त्यांतून मिळाला.

१९५८ पासून जेट विमानें अटलांटिक ओलांडूं लागलीं आणि पोहोंचण्यासाठीं जहाजानें जाण्याचें कारण उरलें नाहीं. जहाजांनीं मग प्रवासाऐवजीं मुक्कामच विकण्यास आरंभ केला. उतारूला घाई नाहीं म्हटल्यावर त्याला समुद्र दाखविणें आलें. १९६१ च्या 'कॅनबेरा' जहाजावर जीवरक्षक होड्या खालच्या मजल्यावर आणल्या होत्या. ही रीत रूढ झाली तेव्हां वरच्या मजल्यांच्या भिंती सज्जांसाठीं मोकळ्या झाल्या. १९८४ च्या 'रॉयल प्रिन्सेस'वर सर्वच केबिनी बाहेरच्या बाजूस होत्या आणि त्यांतील कित्येकींना सज्जे होते. नंतरच्या दशकांत सज्जा ही नेहमींची गोष्ट झाली. १९९८ सालीं 'इलेशन' या सहलीच्या जहाजाला तळाखालीं लोंबणारी विजेचीं यंत्रें बसविलीं. त्यांचा पंखा पुढें तोंड करून जहाजाला ओढतो, त्यामुळें त्याला संथ पाणी मिळतें आणि कंप उणावतो. पंखा शांत झाला आणि दीडशें वर्षांमागें गेलेली पिछाडीची प्रतिष्ठा परत येऊं लागली.

श्रोत्यांपैकीं कोणी अशी केबिन घेऊं पाहत असेल तर या इतिहासांतून त्याला हिशेब करतां येईल. जहाज ताशीं वीस सागरी मैलांनीं चालूं लागलें म्हणजे समोरून सदतीस किलोमीटर वेगाचा वारा उत्पन्न होतो. पिछाडीचा सज्जा त्याच्या आडोशाला असतो. मागें सरत जाणारा फेंसाळ मार्ग आणि सोडलेलें बंदर तेथूनच पुरतें दिसतें. कांहीं जहाजांची पाठ पायऱ्यापायऱ्यांनीं उतरलेली असते. तेथें खालचे सज्जे मोठे व उन्हाचे, पण वरच्यांच्या नजरेखालचे. कांहींची पाठ उभी सरळ असते. तेथें एकांत अधिक, ऊन कमी. कोपऱ्यावरील केबिनीस दोन दिशा लाभतात. डोक्यावर उपाहारगृह आहे कीं काय हें नकाशावर पाहावें, कारण राउंडहाउसच्या कोंबड्या गेल्या तरी खुर्च्या ओढण्याचा आवाज राहिलाच आहे. धक्क्याला लागतांना यंत्रांची घरघर होते, धुराड्याची काजळी क्वचित् उतरते, आणि जहाज तीनशें मीटर लांब असल्यास पायांना काम पडतें. ज्याला बोट लागते त्यानें मात्र तराजूची दांडी आठवावी आणि मध्यावरची, खालच्या मजल्याची खोली घ्यावी.

सज्जाचा जुना दोषहि विसरतां कामा नये. २३ मार्च २००६ रोजीं जमेकाकडे जाणाऱ्या 'स्टार प्रिन्सेस' जहाजाच्या एका सज्जांत आग लागली. टाकलेली जळती सिगारेट हें तिचें संभाव्य कारण ठरलें. सज्जांमधील आडोसे प्लॅस्टिकच्या जातीचे असल्यामुळें ज्वाळा झपाट्यानें पसरल्या व एका उतारूचा अंत झाला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले, आणि सज्जांचे आडोसे व सामान न पेटणारें असावें असें बंधन १ जुलै २००८ पासून लागू झालें. ट्राफल्गारच्या कांचा आणि हे आडोसे यांत दोन शतकांचें अंतर आहे, पण धडा एकच. शोभेसाठीं भिंत उघडली कीं तेथून संकटालाहि वाट मिळते.

राहतां राहिला शेजाराचा प्रश्न. पिछाडीच्या सज्जावरून खालीं पाहिलें तर पाणी दिसतें, परंतु त्या पाण्याच्या पातळीजवळच्या मजल्यांवर जहाजाचे कामगार राहतात. त्यांत गोव्याचे, महाराष्ट्राचे व देशाच्या इतर भागांतले पुष्कळ तरुण असतात. त्यांच्या कित्येक खोल्यांना खिडकी नसते. सकाळीं सज्जावरील खुर्ची पुसून ठेवणारा हात त्यांतल्याच एकाचा असतो. जहाजांतील श्रेष्ठांची जागा पिछाडीहून मध्यावर गेली व मध्याहून परत पिछाडीस आली. ज्यांच्या श्रमांवर जहाज चालतें त्यांची जागा मात्र वाऱ्याच्या राज्यांत, वाफेच्या राज्यांत आणि विजेच्या राज्यांतहि उजेडापासून दूरच राहिली आहे. केबिन निवडणारानें नकाशा उघडल्यावर हा खालचा मजलाहि एकदां पाहून घ्यावा.