काळ्या दगडांच्या मुलखात अशनीची पारख

किन्हवलीच्या शिवारात नांगराच्या फाळाला लागलेला काळा, जड दगड आकाशातून पडलेला असू शकतो काय? असू शकतो, परंतु तसे म्हणण्यापूर्वी बरीच पारख करावी लागते. शहापूर व मुरबाड तालुक्यांची भूमी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बसाल्टची आहे. अशनी बाहेरून काळा, तसा बसाल्टही काळाच. लोहचुंबकाची लोकप्रिय कसोटी येथे फसवी ठरते, कारण मॅग्नेटाइटच्या अंशामुळे बसाल्टही चुंबकाला थोडाफार ओढला जातो. त्यातच चार महिन्यांचा पाऊस. अशनीतील लोह-निकेलचे कण गंजतात आणि कालांतराने दगड मातीत विरून जातो. याउलट सहारा किंवा ओमानच्या वाळवंटात फिकट भूमीवर काळा दगड दुरूनही नजरेत भरतो व कोरड्या हवेत हजारो वर्षे टिकतो.

आपल्या राज्यात या विषयाचे उत्तम उदाहरण नागपूर जिल्ह्यातील काटोलचे आहे. २२ मे २०१२ रोजी दुपारी दोनच्या सुमारास तेथे अशनींचा वर्षाव झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सुमारे तीस तुकडे गोळा केले. पावसाळा तोंडावर होता. तुकडे वेळेत हाती आले नसते, तर त्यांतील धातू गंजून बरीच माहिती नष्ट झाली असती.

वर्गवारीचे काम डोळ्यांपासून सुरू होते. वातावरणातून येताना पृष्ठभाग वितळून त्यावर बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ काळे कवच तयार होते. तुटलेल्या कडेला आतील भाग राखाडी दिसतो व त्यात धातूचे कण चमकतात. यानंतर दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. त्यात कॉन्ड्रूल नावाचे गोल दाणे आढळले, तर तो कॉन्ड्राइट गटातील होय. हे दाणे सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे सूर्यमालेच्या आरंभकाळातील आहेत.

पुढे ऑलिव्हीन व पायरोक्सीन या खनिजांतील लोहाचे प्रमाण मोजले जाते. त्यावरून सामान्य कॉन्ड्राइटचे तीन गट पडतात: अधिक लोहाचा 'एच', कमी लोहाचा 'एल' आणि लोह व धातू दोन्ही कमी असलेला 'एलएल'. अक्षरापुढील ३ ते ६ हा अंक मूळ लघुग्रहाच्या पोटात दगड किती तापला, हे सांगतो. ३ मध्ये दाणे स्पष्ट असतात, ६ मध्ये त्यांच्या कडा पुसट झालेल्या असतात. काटोलचा अशनी एल-६ ठरला. याशिवाय आघाताची तीव्रता एस-१ ते एस-६ आणि गंजण्याचे प्रमाण डब्ल्यू-० ते डब्ल्यू-६ असे नोंदवितात. वाळवंटात सापडलेल्या नमुन्यांच्या बाबतीत ही शेवटची नोंद विशेष महत्त्वाची असते.

ही अक्षरे-अंकांची यादी रुक्ष वाटेल. पण तिच्यामागे पुष्कळ काही दडलेले असते. काटोलच्या अशनीत लघुग्रहांच्या टकरीने वितळलेल्या बारीक शिरा आहेत. त्या शिरांत आयआयटी खरगपूरच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनात ब्रिजमनाइट हे खनिज आढळले व २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पृथ्वीच्या ६६० किलोमीटरपेक्षा अधिक खोलीवर हेच खनिज सर्वाधिक आहे, मात्र तेथपर्यंत कोणतेही छिद्रयंत्र पोहोचत नाही.

संशयास्पद दगड सापडल्यास तो धुऊ, घासू वा फोडू नये; देवघरात ठेवून तेल-शेंदूर तर मुळीच लावू नये. कोरड्या, स्वच्छ कागदात गुंडाळून नेमकी जागा व तारीख लिहून ठेवावी आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. देशातील अशनींचे जतन याच संस्थेकडे असून तिचे मध्य विभागाचे मुख्यालय नागपूरला आहे. अंतिम मान्यता आंतरराष्ट्रीय मिटिऑरिटिकल सोसायटीची नामकरण समिती देते. त्यासाठी २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढा नमुना मान्यताप्राप्त संग्रहात ठेवावा लागतो. अशनीला जवळच्या स्थळाचे नाव मिळते, शोधणाऱ्याचे नव्हे. वाळवंटात जवळ गावच नसेल, तर प्रदेशाचे नाव व पुढे क्रमांक दिला जातो.