डोंगराआडचा आवाज

पावसाळ्यात तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्याला मुक्काम ठोकायचा ही आम्हा मित्रांची जुनी खोड. पंधरा-वीस वर्षांपूर्वी अशाच एका मुक्कामात सोबत छोटा ट्रान्झिस्टर होता. पुण्यात कानठळ्या बसवणारी सगळी एफएम स्टेशनं इथे नुसती खरखरत होती. वैतागून मीडियम वेव्हवर काटा आणला, तर पुणे आकाशवाणी स्वच्छ लागलं. शेतकऱ्यांसाठी काहीतरी सांगत होते. ज्यांच्या पडवीत आम्ही पथाऱ्या पसरल्या होत्या ते आजोबा म्हणाले, "हे एवढंच लागतं इथं."

शास्त्र सोपं आहे. पुणे केंद्राची ७९२ किलोहर्ट्झची लहर जवळजवळ ३८० मीटर लांबीची. ती जमिनीला धरून, टेकाडांना वळसा घालून पलीकडे उतरते. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची, नाकासमोर चालणारी. मध्ये डोंगर आला की संपलं. म्हणून मोठ्या शहराचं एफएम दोन रांगांपलीकडच्या खोऱ्यात पोचत नाही. पण हेच उलट करून बघा. खोऱ्याच्या तोंडाशी एखादं लहानसं एफएम केंद्र बसवलं, तर डोंगर त्याला आडवे येत नाहीत. ते खोरं हेच त्याचं राज्य! सामुदायिक रेडिओला पहाडी मुलूख मानवतो तो यामुळे.

हे सगळं पुन्हा डोक्यात घोळू लागलं ते माळीणमुळे. ३० जुलै २०१४ ची सकाळ. आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगरांत, एक अख्खं गाव दरडीखाली गेलं. दीडशेहून जास्त माणसं गेली. आणि ही बातमी जगाला कशी कळली? नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला समोर गावच दिसेना, तेव्हा. पुणे जिल्ह्यातलं गाव, एकविसावं शतक, आणि निरोप्या कोण, तर एसटी. रेडिओने डोंगर थोपला असता असं मी म्हणत नाही. पण धो धो पावसात त्या खोऱ्यातल्या वाड्या एकमेकींशी बोलत असत्या, तर काय वेगळं झालं असतं हा प्रश्न काही पाठ सोडत नाही.

आता गंमत पाहा. रेडिओने खेड्याशी नुसतं बोलू नये, त्याचं ऐकावंही, हा प्रयोग भारतात मोठ्या प्रमाणावर झाला तो आपल्या पुण्यातूनच. तोही १९५६ साली! पुणे केंद्र सुरू होऊन (२ ऑक्टोबर १९५३) तीन वर्षंही झाली नव्हती. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची श्रोतृमंडळं चालत होती : शेजारीपाजारी जमायचे, कार्यक्रम ऐकायचे, वाद घालायचे आणि आपलं म्हणणं लिहून पाठवायचे. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने ही कल्पना इथे आणली. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा (हो, तेव्हा असा एक जिल्हा होता) या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांचं मंडळ, एक अध्यक्ष, एक चिटणीस. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. फेब्रुवारी ते एप्रिल मिळून एकूण २०. विषय शेती, आरोग्य, साक्षरता, ग्रामपंचायत असे.

खरी गोम कार्यक्रम संपल्यावर होती. रेडिओ बंद करायचा आणि बोलायला लागायचं. काय पटलं, काय नाही, आपल्या गावात हे जमेल का. मग चिटणिसाने ते कागदावर उतरवून पुण्याला धाडायचं. मंडळांच्या शंकांना पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरं मिळत.

प्रयोगाचं मोजमाप केलं पॉल न्यूरॅथ या व्हिएन्नात जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञाने. नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांतून वाचलेला हा माणूस मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत पाहुणा प्राध्यापक म्हणून आला होता. त्याने तीन तऱ्हेच्या गावांची तुलना केली : मंडळ असलेली, रेडिओ असूनही मंडळ नसलेली, आणि रेडिओच नसलेली. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढली. पण नुसता रेडिओ असलेल्या गावांत फरक फारसा पडला नाही. खोकं तेच, कार्यक्रम तोच! फरक होता तो त्यावर बोलायला जमलेल्या वीस माणसांचा. शिवाय या मंडळांतून गावाचे निर्णय होऊ लागले, हे न्यूरॅथने आवर्जून नोंदवलं.

पुढे काय झालं? जे होतं तेच. १९५९ पासून देशभर मंडळं काढायचं ठरलं, आणि योजना सरकारी झाली की तिचा आत्मा कुठे निसटतो ते आपण जाणतोच. संच नादुरुस्त, कागदावर मंडळं हजारांनी, आणि हळूहळू सगळं विरलं. असो.

आवाज पुन्हा लोकांच्या हाती यायला १९९५ उजाडावं लागलं. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी दिला. त्यानंतरही आधी परवाने मिळाले ते शिक्षणसंस्थांना. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' २००५ मध्ये सुरू झाली. स्वयंसेवी संस्थांसाठी दार उघडलं ते नोव्हेंबर २००६ मध्ये. शंभर वॅटपर्यंतचं प्रक्षेपण, तीस मीटरपर्यंतचा मनोरा, आणि स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत. ही शेवटची अट वाचून मला आजही हसू येतं. गावात काय घडलं ते गावाच्या रेडिओने सांगायचं नाही म्हणे!

तरी माणसं मार्ग काढतात. २००८ मध्ये म्हसवडला माणदेशी तरंगवाहिनी सुरू झाली. तो मुलूख दुष्काळी, आपल्या मावळच्या अगदी उलट. पण घरातल्या बायका माइकसमोर बसून बोलू लागल्या. तिकडे गढवालात चंब्याजवळच्या हेंवलवाणीच्या पोरांनी तर परवाना मिळायच्या कितीतरी आधीपासून कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून लोकांना ऐकवायला सुरुवात केली होती. नेपाळमध्ये १९९७ च्या रेडिओ सगरमाथानंतर डोंगरोडोंगरी अशी केंद्रं निघाली. एप्रिल २०१५ च्या भूकंपात त्यांतल्या कित्येकांच्या इमारती पडल्या, तेव्हा लोकांनी यंत्रं उचलून तंबूत आणली आणि बोलायला सुरुवात केली. कुठली वाट बंद आहे, मदत कुठवर आली आहे, कोण सुखरूप आहे. जगभरच्या वाहिन्या काठमांडूत कॅमेरे रोखून बसल्या होत्या, तेव्हा हे चाललं होतं.

मित्र म्हणतात, आता मोबाइल असताना रेडिओ कशाला? मी त्यांना भर पावसात वेल्ह्याच्या पुढे घेऊन जाईन म्हणतो. वीज जाते, दोन दिवस येत नाही, मनोऱ्याची बॅटरी संपते आणि सगळ्यांचे फोन एकदम मुके होतात. दोन सेलवर चालणारं खोकं तेवढं बोलत राहतं. अर्थात त्याच खोऱ्यात कोणीतरी बॅटरी किंवा जनरेटर जोडून केंद्र चालू ठेवलं असेल तर.

ते कोणीतरी कोण, इथे गाडी अडते. १९५६ मध्ये निदान चिटणीस होता, मंडळाचं म्हणणं लिहून पुण्याला पाठवणारा. त्या मुक्कामात आजोबांना मी विचारलं होतं, पुणे केंद्राला कधी पत्र टाकलंत का? ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमचं काय लिहायचं?" आणि आवाज थोडा मोठा केला, कारण बाजारभाव सुरू झाले होते.