अंबाझरीची पाळ : एका जुन्या मातीच्या धरणाची कहाणी



पांढुर्णा-सौंसरच्या श्रोत्यांपुढे नागपूरच्या तलावाचा इतिहास कशाला, अशी शंका काहींच्या मनात येईल. तिचे उत्तर आपल्या भूमीच्या इतिहासातच आहे. नागपूर वसविणारा बख्त बुलंद हा आपल्या छिंदवाड्याकडील देवगडचा गोंड राजा. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानाने त्या शहराला तट बांधला आणि जुम्मा तलाव दिला. पुढे १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला तेव्हापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आपली राजधानी नागपूरच होती. सीमा बदलली, संबंध तुटला नाही. सौंसर तालुक्यातून वाहत जाणारी कन्हान आजही नागपूरची तहान भागविते आणि या शाळेचे कितीतरी विद्यार्थी त्या शहरात घरे करून राहिले आहेत. त्यांतल्या अनेकांची सकाळ अंबाझरीच्या पाळीवर फिरण्यात जाते. त्या पाळीविषयीच आज बोलावयाचे आहे.

अंबाझरी भोसल्यांच्या काळातली, असे नागपुरात सर्रास सांगितले जाते. परंतु भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले होते. आज आपण पाहतो ते धरण १८७० च्या सुमारास, इंग्रजी अमदानीत, शहराला नळाने पाणी देण्याच्या योजनेसाठी आकाराला आले. या कामाशी अलेक्झांडर बिनी या अभियंत्याचे नाव निगडित आहे. हे गृहस्थ पुढे लंडनच्या काउंटी कौन्सिलचे मुख्य अभियंता झाले. थेम्स नदीखालचा ब्लॅकवॉल बोगदा त्यांच्याच देखरेखीखाली होऊन १८९७ मध्ये खुला झाला. पण माझ्या मते त्यांचे अधिक चिरस्थायी काम नागपुरात झाले, आणि त्याची जाणीव खुद्द नागपूरकरांनाही फारशी नाही.

प्रश्न साधा होता. इतका पाऊस पडतो. त्यांतला तलावात किती येतो? विलायतेतले आडाखे आपल्या मोसमी पावसाला लागू पडत नव्हते. बिनी यांनी १८६९ ते १८७२ या काळात नागपूरजवळच्या सुमारे सोळा चौरस किलोमीटरच्या लहानशा पाणलोटात पाऊस आणि ओढ्याने वाहून आलेले पाणी यांची मोजमापे घेतली आणि ती लंडनच्या अभियंत्यांच्या संस्थेपुढे निबंधरूपाने मांडली. वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर त्यांतला सुमारे पंधरा टक्केच वाहून येतो, हजार मिलिमीटर झाला तर मात्र अडतीस टक्के. भूमीची तहान आधी भागते, मग पाणी वाहू लागते, ही आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली गोष्ट प्रथमच आकड्यांत बसली. ‘बिनीची टक्केवारी’ या नावाने ती आजही भारतातल्या जलविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत शिकविली जाते.

या मोजणीमागची चिंता कोणती होती, हे ध्यानी घेतले पाहिजे. तलाव भरेल की नाही, ही ती चिंता. बिनी यांचा हिशेब वर्षभराच्या पाण्याचा होता, चार तासांत कोसळणाऱ्या पुराचा नव्हे. शिवाय त्यांनी मोजलेली भूमी गवताची आणि शेताची होती. आज अंबाझरीच्या पाणलोटात वाडीसारखी दाट वस्ती आहे, हिंगण्याकडील कारखाने आहेत, सिमेंटचे रस्ते आहेत. छपराला आणि रस्त्याला तहान नसते. त्यांच्यावर पडलेले पाणी पडल्या पावली तलावाकडे धावते. धरण तेच राहिले. त्याच्या मागची भूमी मात्र बदलली.

आता मातीच्या धरणाचा स्वभाव थोडा पाहू. दगडी धरणावरून पाणी काही काळ वाहिले तरी ते सहसा तग धरते. मातीच्या धरणाला ते सोसत नाही. माथ्यावरून पाणी पलीकडे उतरू लागले की उतार खणला जातो, घळ पडते आणि काही तासांत सारा खेळ आटोपतो. म्हणून अशा धरणाचे आयुष्य भिंतीच्या जाडीइतकेच सांडव्याच्या रुंदीवर आणि सांडव्यापुढच्या मोकळ्या वाटेवर अवलंबून असते. दुसरा शत्रू पाझर. थोडा पाझर प्रत्येक मातीच्या धरणाला असतोच. तो स्वच्छ आहे तोवर भय कमी. गढूळ येऊ लागला की आतली माती वाहून चालली असे समजावे.

आणि तिसरा शत्रू, ज्याला शत्रू म्हणणे आपल्या जिवावर येते, तो म्हणजे वृक्ष. अंबाझरीच्या पाळीवर झाडे वाढली, सावली झाली, पक्षी आले; फिरणाऱ्यांना त्यांचा लळा लागला. परंतु झाडाची मुळे भिंतीच्या पोटात शिरतात. झाड वठले की मुळे कुजतात आणि त्यांच्या जागी पाण्याला आयत्या नळ्या मिळतात. वादळात मोठे झाड उन्मळले तर मातीचा लगदाच उपटून निघतो. म्हणून अभियंते झाडे नकोत म्हणतात आणि वृक्षप्रेमी त्यांना निष्ठुर ठरवितात. हा वाद नागपुरात २०२३ च्या पुरापूर्वीपासून चालत आला आहे. माझा कल अभियंत्यांकडे आहे. मात्र जुनी झाडे नुसती तोडून भागत नाही. मुळे आतच राहिली तर धोका उलट वाढतो. ती काढून जागा थराथराने दाबून भरावी लागते. खरे म्हणजे रोप हातभर असतानाच उपटावयास हवे होते. ते का उपटले गेले नाही, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर मला तलावाच्या बदललेल्या उपयोगात सापडते. तलाव शहराच्या पिण्याच्या पाण्याचा होता तेव्हा त्याची पातळी, पाझर, गवत यांवर नजर ठेवणे हा पाणीपुरवठ्याचाच भाग होता. पुढे गोरेवाडा, कन्हान, पेंच असे मोठे आधार मिळाले आणि अंबाझरीचे महत्त्व ओसरले. १९५८ मध्ये शेजारी उद्यान झाले, नौकाविहार आला, खाद्यपदार्थांच्या गाड्या आल्या. लोक ‘अंबाझरी गार्डन’ म्हणू लागले. उद्यानाची देखभाल म्हणजे रंग, दिवे, बाके आणि कारंजी. धरणाची देखभाल निराळी असते, तिला प्रेक्षक नसतात. धरणाचे उद्यान झाले की माळी मिळतो, पाळीचा राखणदार मात्र जातो.

दिनांक २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. अंबाझरी ओसंडली. सांडव्यातून निघालेले पाणी नाग नदीच्या आकसलेल्या पात्रात मावेना. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांतले लोक झोपेतून उठले ते घरात शिरलेल्या पाण्यामुळे. माणसे दगावली, हजारो कुटुंबांचे संसार भिजले. सांडव्याच्या पुढ्यात उभारलेले विवेकानंद स्मारक पाण्याच्या वाटेत येते काय, हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. न्यायालयाच्या देखरेखीखाली धरणाच्या बळकटीचा, सांडव्याचा आणि नदीपात्राच्या रुंदीकरणाचा विचार सुरू झाला. मला येथे एवढेच नोंदवावयाचे आहे की त्या पहाटे धरण फुटले नाही. दीडशे वर्षांची माती टिकली. जे घडले ते नुसत्या ओसंडण्याने घडले.

फुटल्यावर काय होते, हे महाराष्ट्राने १२ जुलै १९६१ रोजी पाहिले आहे. पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे दगडी धरण फोडले आणि पुणे बुडाले. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली. त्या वेळी खेकड्यांनी भिंत पोखरली असे विधान झाले आणि सर्वत्र हसे झाले. हसण्यात एक गोष्ट निसटली. बिळे करणारे प्राणी मातीच्या भिंतीला खरोखरच घातक असतात. पण बीळ काही एका रात्रीत होत नाही, आणि ते बुजविण्याचे काम खेकड्याचे नव्हे. आपल्याच राज्यात ऑगस्ट २०२२ मध्ये धार जिल्ह्यातील कारम नदीवरच्या, बांधकाम पुरे न झालेल्या मातीच्या धरणाला गळती लागली. तेथे मात्र गावे वेळीच रिकामी केली, बाजूने चर खणून पाणी सोडले आणि अनर्थ टळला. गळती कोणीतरी पाहिली, हे त्या यशाचे पहिले कारण.

संसदेने केलेला धरण सुरक्षा अधिनियम ३० डिसेंबर २०२१ पासून अमलात आला. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर धरणाची तपासणी करणे त्याने मालकावर बंधनकारक केले. परंतु हा कायदा पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू होतो. दहा ते पंधरा मीटर उंचीची धरणे काही अटी पुऱ्या केल्या तरच त्यात येतात. दहा मीटरांच्या आतले गावतलाव आणि पाझर तलाव त्याच्या कक्षेबाहेरच राहतात. पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांत संत्र्याच्या बागांना आधार देणारे मातीचे बांध आहेत ते बव्हंशी याच वर्गातले. त्यांच्या काठी कोठे देऊळ उभे राहते, कोठे सहली येतात, कोठे बाके बसतात.

आपल्या माजी विद्यार्थ्यांत अभियंते आहेत, सरपंच झालेले आहेत, भूगोलाचे शिक्षकही आहेत. या शाळेच्या वरच्या वर्गांनी दर वर्षी ज्येष्ठ महिन्यात आपापल्या गावच्या बांधाची एक नोंदवही भरावी, अशी माझी सूचना आहे. माथा कोठे खचला आहे, पाझर कोठे आहे आणि त्याचा रंग कसा आहे, उतारावर कोणती रोपे उगवली आहेत, सांडव्यात काय बांधले किंवा साठविले आहे, एवढी चार कलमे पुरेत. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत द्यावी आणि दुसरी शाळेच्या ग्रंथालयात जपावी.