प्रत्ययांवाचून व्याकरण

मूल बोलू लागले, हे घरातल्या कोणालाही कळते. ते व्याकरण बोलू लागले असे केव्हा म्हणायचे, याचे उत्तर मात्र भाषेगणिक बदलते. बालभाषेच्या अभ्यासकांना ही गोष्ट बरीच उशिरा उमगली. दक्षिण चीन आणि हाँगकाँग येथे बोलल्या जाणाऱ्या कॅन्टनीज भाषेच्या बाबतीत हा उशीर कसा झाला आणि तो कसा भरून निघाला, याचा येथे थोडक्यात मागोवा घ्यायचा आहे.

या अभ्यासाची पाठ्यपुस्तकी चौकट इंग्रजीवर बेतलेली होती. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये मुलांना काल्पनिक प्राण्यांची चित्रे दाखवून निरर्थक नामांची अनेकवचने करायला लावली. मुलांनी कधीही न ऐकलेल्या शब्दाला बिनचूक प्रत्यय लावला, म्हणजे त्यांच्याजवळ नियम आहे. रॉजर ब्राउन यांनी १९७३ च्या ग्रंथात तीन मुलांच्या बोलण्यावरून इंग्रजीतील चौदा व्याकरणिक घटकांचा क्रम लावला. त्यांत बहुतेक प्रत्यय, साहाय्यक क्रियापदे आणि उपपदे. आपल्या मराठीलाही ही पट्टी बऱ्यापैकी लागू पडते. तीन लिंगे, विभक्ती, क्रियापदाची रूपे असा मोजण्याजोगा ऐवज आपल्याकडे भरपूर आहे. कॅन्टनीजमध्ये मात्र नामाला लिंग नाही, सामान्य नामाला अनेकवचनाचा प्रत्यय नाही, क्रियापद पुरुषाप्रमाणे वा काळाप्रमाणे बदलत नाही. ब्राउन यांची पट्टी हाती धरली, तर दोन वर्षांच्या कॅन्टनीज मुलाजवळ मोजायला फारसे काही उरतच नाही.

याच्या मुळाशी एक जुना समज आहे. हुम्बोल्ट यांनी आबेल-रेम्युसा यांना लिहिलेल्या आणि १८२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात चिनी भाषेच्या या रूपविरहिततेची दीर्घ चर्चा केली. त्यांना तिचे कौतुकही होते. पण त्यांच्या उतरंडीत वरचे आसन रूपे चालवणाऱ्या भाषांनाच मिळाले. पुढे या विचाराचे ‘चिनीला व्याकरणच नाही’ असे सोपे सुभाषित झाले. आम्ही संस्कृत-मराठीच्या परंपरेत वाढलेली माणसे. रूपावली म्हणजेच व्याकरण असे मानण्याची सवय आम्हालाही कमी नाही.

वेगळी दृष्टी प्रथम दाखवली ती युएन रेन चाओ यांनी. १९५१ मध्ये त्यांनी आपल्या अठ्ठावीस महिन्यांच्या नातीच्या चिनी बोलण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. (लेखाचे शीर्षक नातीच्या नावावरून बेतलेले असल्यामुळे ते कॅन्टनीजविषयी असावे असा भास होतो, प्रत्यक्षात ती उत्तरेकडची चिनी आहे.) मुलीचे बोलणे म्हणजे मोठ्यांच्या भाषेची मोडतोड असे न मानता चाओ यांनी तिला स्वतंत्र बोलीचा मान दिला.

कॅन्टनीजपुरते बोलायचे, तर सुरुवात सुरांपासून झाली. शब्दाचा अर्थ बदलणारे सहा सूर या भाषेत आहेत, आणि एका मुलाचा दीर्घकाळ पाठपुरावा करून केलेला जॉन त्से यांचा सूरग्रहणावरचा निबंध १९७८ चा आहे. व्याकरणाचे मोठे काम नव्वदीत उभे राहिले. थॉमस हुन-ताक ली, कॉलीन वाँग आणि सहकाऱ्यांनी हाँगकाँगमधील आठ मुलांचे घरगुती बोलणे सुमारे वर्षभर ठरावीक अंतराने ध्वनिमुद्रित केले आणि अक्षरशः उतरवून काढले. ते उतरवणे हेच एक दिव्य होते. शाळेत शिकवली जाणारी लेखी चिनी उत्तरेकडच्या बोलीवर आधारलेली. मुलांच्या तोंडी सतत येणाऱ्या अनेक कॅन्टनीज शब्दांना त्या लेखनात जागाच नाही. अशा शब्दांची चिन्हे लोकांनी परिचित चिन्हाला डावीकडे ‘तोंडा’ची खूण जोडून पूर्वीपासून घडवली आहेत. हाँगकाँगच्या भाषाविज्ञान परिषदेने कॅन्टनीजसाठी ‘युतपिंग’ ही रोमन लेखनपद्धती सिद्ध केली ती १९९३ मध्ये.

आणि या ‘तोंड’वाल्या शब्दांतच व्याकरण दडलेले होते. वाक्याच्या शेवटी येणारे ‘ला’, ‘लॉ’, ‘मे’, ‘वॉ’ असे निपात मुले दुसरे वर्ष पुरे होण्याआधीच वापरू लागतात. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये. ‘ये’ आणि ‘ये ना’, ‘आला’ आणि ‘आला म्हणे’ यांतला फरक आपण जाणतोच. कॅन्टनीजमधील ‘वॉ’चे एक रूप नेमके या ‘म्हणे’चेच काम करते. ऐकणाऱ्याशी असलेले नाते आणि विधानाची खात्री या गोष्टी मूल येथे प्रत्ययांवाचून व्यक्त करते.

दुसरा पुरावा वर्गदर्शकांचा. आपण ‘तीन जण’ म्हणतो तेव्हा ‘जण’ माणसांपुरता असतो. कॅन्टनीजमध्ये संख्येनंतर प्रत्येक नामाला असा एखादा शब्द हवाच. कुत्र्याला ‘चेक’, लांबट वस्तूला ‘थिउ’, सपाट वस्तूला ‘चाँग’, आणि कशालाही चालणारा ‘कॉ’. एक कुत्रा म्हणजे ‘यत चेक काउ’. लहान मुले ‘चेक’च्या जागी सर्रास ‘कॉ’ घालतात. शब्द चुकतो, पण संख्या आणि नाम यांच्यामधली जागा त्यांनी हेरलेली असते, ती ती भरतात. बर्को यांच्या मुलांनी प्रत्ययातून जे दाखवले तेच ही मुले या चुकीतून दाखवतात. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत बोलका पुरावा आहे.

हा केवळ विद्वानांचा वाद नव्हता. उशिरा बोलणारे मूल वाचा-उपचारकाकडे आणले, तर त्याला कोणत्या पट्टीने मोजायचे? इंग्रजीवरून आणलेल्या कसोटीत एखादी खरी अडचण निसटू शकते किंवा नसलेली दिसू शकते. पॉल फ्लेचर यांच्या गटाने अडीच ते साडेपाच वर्षांच्या सत्तर मुलांची सामग्री जमवली. २००० मध्ये शाळापूर्व वयाच्या कॅन्टनीजची मार्गदर्शिका निघाली आणि २००६ मध्ये शालेय मुलांसाठी हाँगकाँगची स्वतःची मौखिक भाषेची चाचणी आली.

व्हर्जिनिया यिप आणि स्टीफन मॅथ्यूज या अभ्यासक दांपत्याने आपल्या घरातील इंग्रजी-कॅन्टनीज द्विभाषिक मुलांवर २००७ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यांच्या मुलाने सान्ताक्लॉजने दिलेल्या बंदुकीविषयी इंग्रजीत विचारले, तेव्हा ‘सान्ताक्लॉजने मला दिलेली’ हा भाग त्याने ‘बंदूक’ या नामाच्या आधी ठेवला. इंग्रजीत ही चूक. कॅन्टनीजमध्ये मात्र विशेषण-वाक्य नामाच्या आधीच येते आणि त्या दोहोंना जोडायला पुन्हा वर्गदर्शकच उभा राहतो. इंग्रजी शब्दांखाली कॅन्टनीजचा सांगाडा असा लख्ख दिसतो. मराठी मुलाने हेच वाक्य मराठीत म्हटले असते, तर त्यात कोणालाच चूक दिसली नसती.