ठिबक चोक होतं, तसंच मेम्ब्रेनचं

आमच्या राहुरीत ठिबक चोक झालं की शेतकरी काय करतो? क्षार असतील तर ॲसिड सोडतो, शेवाळ असेल तर क्लोरीन. सांडपाणी गाळणाऱ्या मेम्ब्रेनचंही तेच आहे. म्हणून हा थोडा इतिहास.

१९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवलं की हवा देऊन वाढवलेला जिवाणूंचा गाळ सांडपाणी शुद्ध करतो. पण तो गाळ तळाला बसायला मोठी टाकी लागायची. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत त्या टाकीऐवजी मेम्ब्रेन आलं. पाणी स्वच्छ, पण पंपाचं वीजबिल भारी. १९८९ मध्ये जपानच्या काझुओ यामामोतो यांनी मेम्ब्रेन थेट हवेच्या टाकीत बुडवलं आणि हलक्या ओढीने पाणी काढलं. वीज वाचली, चोक होणं काही थांबलं नाही. जिवाणूंचा चिकट थर छिद्रं बुजवतोच. म्हणून खालून सतत हवेचे बुडबुडे, आणि अधूनमधून हायपोक्लोराइट व सायट्रिक ॲसिडने धुणं.

मुळाकाठच्या आपल्या गावांनी असं यंत्र जरूर मागावं. पण त्याच बैठकीत विचारा: उद्घाटनानंतर हे धुणार कोण, आणि दरवर्षीचा खर्च कुठल्या बजेटातून?