विजेच्या मोटारीचा जमाखर्च

गेल्या दसऱ्याच्या सुमारास आमच्या घरीं एक वाद सुरू झाला, तो अद्याप मिटलेला नाहीं. चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, आतां मोटार घ्यावयाची ती विजेचीच. सूनबाई विचारतात कीं, आपण राहतों तिसऱ्या मजल्यावर आणि मोटार उभी राहणार खालीं अंगणांत, मग रात्रीं बॅटरी भरावयाची कोठें? आणि ज्याच्या निवृत्तिवेतनाच्या शिलकीला यांत हात लागणार तो मी विचारतों कीं, बॅटरी थकली म्हणजे पुढें काय? हे प्रश्न आम्हांस नवे वाटतात. परंतु सव्वाशें वर्षांपूर्वीं अमेरिकेंतील गृहस्थांपुढें हेच प्रश्न उभे होते.

इ. स. १९०० सालीं अमेरिकेंत एकंदर ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकीं १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलच्या होत्या! आदल्याच वर्षीं कामीय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थानें पॅरिसजवळ विजेच्या गाडींतून ताशीं १०५ किलोमीटरांहून अधिक वेग गाठला होता. पेट्रोलची मोटार सुरू करावयाची तर पुढें उभें राहून लोखंडी दांडा फिरवावा लागे, आणि तो उलटला तर मनगटच मोडे. विजेच्या गाडीला धूर नाहीं, खडखडाट नाहीं, दांडाही नाहीं. पेट्रोलची मोटार घरोघर पोंचविणाऱ्या हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा स्वतः फिरत त्या ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ या विजेच्या गाडींतून. यजमानांचा धंदा आणि गृहिणीची पसंती यांत असें अंतर पडतें, हें संसारी श्रोत्यांस सांगावयास नको.

मग ही गाडी मागें कां पडली? विजेचें यंत्र लंगडें होतें म्हणून खास नव्हे. आपल्या मुंबईंत ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम सुरू झाली आणि पुढें अर्धशतकाहून अधिक काळ चालली. पण ट्रामला डोक्यावरील तारेंतून वीज अखंड मिळे. मोटारीला आपली शिदोरी पाठीवर घेऊन निघावें लागे, आणि ती शिदोरी म्हणजे शिसें व आम्ल यांची जड बॅटरी. न्यूयॉर्कमध्यें विजेच्या भाड्याच्या गाड्या निघाल्या, त्यांच्या ठाण्यावर रिकामी बॅटरी यंत्रानें उचलून भरलेली बसवीत, इतकी ती अवजड. ती चालवावयाची एक रीत असे. निष्काळजीपणें वापरली कीं लवकर निकामी होई. शिवाय घरांत येणारी वीज बहुधा उलटसुलट प्रवाहाची, बॅटरीस हवा सरळ प्रवाह. म्हणून ठाणबंद गाडीखान्यांत पाऱ्याच्या दिव्याचें प्रवाह सरळ करणारें यंत्र बसवावें लागे. ज्याचा बंगला आणि स्वतःचा गाडीखाना, त्याला हें साधे. इतरांनीं काय करावें? आमच्या सूनबाईंचा प्रश्न तो हाच.

आतां किंमत पाहा. १९१२ च्या सुमारास विजेची छोटी मोटार १,७५० डॉलरांच्या आसपास पडे, तर पेट्रोलची ६५० मध्यें मिळे. एडिसन यांनीं लोखंड व निकेल यांची टिकाऊ बॅटरी सिद्ध केली खरी, पण तिनें गाडीची किंमत आणखीच वाढे. त्यांत टेक्ससमध्यें १९०१ सालीं तेलाचे मोठे झरे लागले आणि १९१३ पासून फोर्ड यांच्या कारखान्यांत सरकत्या पट्ट्यावर मोटारी जुळूं लागल्या. शेवटचा घाव मात्र घरच्याच माणसाचा. १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारींत चार्लस केटरिंग यांनीं योजिलेली लहानशी विद्युत्-मोटर व बॅटरी बसविण्यांत आली, आणि दांडा फिरविण्याचा त्रास संपला. विजेनेंच पेट्रोलचें सर्वांत मोठें व्यंग झांकलें!

या सर्व हकीगतींत मला सर्वांत शहाणी वाटली ती हार्टफर्ड गांवच्या वीज कंपनीची तोड. १९१० नंतरच्या वर्षांत तिनें अशी व्यवस्था केली कीं, मालवाहू गाडी घेणाऱ्यानें ती बॅटरीवांचून विकत घ्यावी, बॅटरी कंपनीची. ग्राहकानें दरमहा कांहीं ठराविक आकार आणि गाडी जितके मैल धांवेल त्या मानानें भाडें द्यावें. बॅटरी थकली तर चिंता कंपनीची. १९२४ पर्यंत ही व्यवस्था चालली आणि तीखालीं गाड्या साठ लाख मैलांहून अधिक धांवल्या. विजेचा खर्च थोडा असतो. बॅटरीच्या झिजेचा खर्च मोठा असतो आणि तो एकदम अंगावर येतो. त्यानें तो मैलामैलावर वांटून दिला. शाळेंत मी तीस वर्षें व्यवहारी अपूर्णांक शिकविले, पण इतकें चोख उदाहरण हातीं लागलें नव्हतें.

पुढील कथा आपणांस ठाऊकच आहे. २००१ सालीं बंगळूरची ‘रेवा’ निघाली, तीही शिशाच्याच बॅटरीवर. १९९१ पासून बाजारांत आलेल्या लिथियमच्या बॅटरीनें वजनाचा प्रश्न पुष्कळ हलका केला आणि २०१० नंतर तिची किंमतही झपाट्यानें उतरली. बहुतेक कारखानदार आतां बॅटरीची आठ वर्षांची हमी देतात. माझ्या प्रश्नाचा अर्धा भाग त्यानें सुटतो. नववें वर्ष माझ्याकडेच राहतें.

चिरंजीवांनीं परवां एक कागद आणून माझ्यापुढें ठेवला. २०२४ च्या सप्टेंबरांत आपल्याकडे एम्‌. जी. विंडसर ही मोटार विक्रीस आली, ती बॅटरीवांचूनही घेतां येत असे. बॅटरीचें भाडें दर किलोमीटरास साडेतीन रुपये. मी पेन्सिल घेऊन बसलों. आमचें फिरणें महिन्यास फार तर सहाशें किलोमीटर, म्हणजे भाडें झालें एकवीसशें रुपये, वर विजेचें बिल वेगळें. पेट्रोलचा हिशेब शेजारीं मांडला आहे. अंगणांतील खांबाला वेगळें मीटर लावण्याचा विषय मात्र शेजाऱ्यांच्या पुढील सभेंत निघावयाचा आहे, आणि तेथें बोलण्याचें काम सूनबाईंनीं माझ्यावर सोंपविलें आहे.