पश्चिम आशिया : कोरडी भूमी, पाण्याचा हिशेब आणि अनेक संस्कृती

उत्तरेला तुर्कस्तान, दक्षिणेला येमेन व ओमान, पश्चिमेला भूमध्य समुद्र आणि पूर्वेला इराण, एवढ्या विस्तीर्ण पट्ट्याला पश्चिम आशिया म्हणतात. आपल्या मंडळातील बऱ्याच घरांमधून कोणी ना कोणी मस्कत, दोहा, दुबई किंवा कुवेतला नोकरीनिमित्त गेलेले आहे. त्यामुळे बोलण्यात हा सगळा प्रदेश 'गल्फ' या एकाच शब्दात बसवला जातो आणि डोळ्यांसमोर वाळू, उंट आणि तेल एवढेच येते. नकाशा जरा सावकाश पाहिला, तर त्यात बरेच काही सापडते.

भूरचना आणि हवामान

वाळवंट आहे, हे खरेच. अरबस्तानातील 'रुब अल खाली' हे सलग वाळूचे मैदान सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटरचे, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे आहे. सौदी अरेबियासारख्या अवाढव्य देशात बारमाही वाहणारी एकही नदी नाही. पण तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर, रिझेजवळ, वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तेथे चहाचे मळे आहेत. इराणमधील दमावंद शिखर ५,६०० मीटरहून उंच असून बर्फाने झाकलेले असते. पूर्व तुर्कस्तानच्या डोंगरांतून निघालेल्या तैग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांनी इराकची मैदाने पोसली. जगातील अगदी पहिली शहरे याच मैदानांत वसली. येमेनच्या डोंगरउतारांवर पायऱ्यापायऱ्यांची शेती होते. तेथली कॉफी मोखा बंदरातून जगभर गेली.

आपल्याला जवळचा वाटावा असा भाग म्हणजे ओमानचा धोफार प्रांत. आपल्याकडे पाऊस आणणारे नैऋत्य मोसमी वारे जून ते सप्टेंबर या काळात सलालाहच्या डोंगरांनाही स्पर्श करतात. धुके उतरते, भुरभुर पाऊस पडतो आणि उघडेबोडके डोंगर हिरवे होतात. हा हंगाम पाहायला आखाती देशांतून लोक मुद्दाम येतात. त्याला ते 'खरीफ' म्हणतात. अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत. शरदात निघणारे पीक ते आपले खरीप आणि वसंतात निघणारे ते रब्बी. सातबाऱ्यावरचे हे दोन्ही शब्द मूळचे तिकडचे आहेत.

जमिनीखालचे कालवे

पाऊस थोडा आणि ऊन कडक, मग माणसे जगली कशी? याचे उत्तर इराणमध्ये 'कनात' आणि ओमानमध्ये 'फलज' या नावाने मिळते. डोंगराच्या पायथ्याशी भूजल लागेपर्यंत एक खोल विहीर खणतात. तिच्या तळापासून अगदी हलका उतार देत एक बोगदा काही किलोमीटर लांबच्या गावापर्यंत नेतात. माती काढायला आणि हवा खेळायला मध्ये मध्ये उभ्या विहिरी असतात. पाणी स्वतःच्या उताराने वाहत येते. त्याला पंप लागत नाही, आणि ते जमिनीखालून येत असल्याने उन्हाने फारसे आटतही नाही. इराणचे यझ्द शहर अशाच कनातींच्या पाण्यावर वाढले. ओमानचे पाच फलज २००६ मध्ये आणि इराणच्या अकरा कनाती २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या.

माझे आयुष्य बँकेच्या खातेवह्यांत गेल्यामुळे मला या पाण्याच्या वाटपाचे विशेष कौतुक वाटते. ओमानमध्ये पाण्याची वाटणी वेळेवर होते. 'अथर' हे त्याचे माप साधारण अर्ध्या तासाचे. दिवसा सावलीच्या घड्याळावर आणि रात्री ताऱ्यांवरून पाळी ठरत असे. गावात शिरताच पहिले पाणी पिण्यासाठी, ते सर्वांना मोफत. मग मशीद आणि स्नानाच्या जागा, त्यानंतर खजुराच्या बागा आणि शेवटी हंगामी पिके. पाण्याचा हिस्सा वारसाने मिळतो, विकता येतो, भाड्याने देता येतो. काही हिस्से लिलावात निघतात आणि त्या पैशातून फलजची डागडुजी होते. टंचाई आली की आधी हंगामी पिकांखालची जमीन कमी करतात, म्हणजे बागा आणि माणसे तगतात.

माणसे, भाषा, धर्म

पाणी जेथे जसे मिळाले, तसे तेथले जीवन घडले. नद्यांकाठी शेतकरी आणि शहरे, वाळवंटात उंट पाळणारे बदाऊन, तर इराणच्या झाग्रोस पर्वतात ऋतूनुसार मेंढ्यांसह स्थलांतर करणारे बख्तियारी आणि कश्काई. भाषाही तशाच वेगवेगळ्या. अरबी आणि हिब्रू या एका कुळातल्या. तुर्की वेगळ्या कुळातली. फारसी आणि कुर्दी मात्र आपल्या मराठीच्या दूरच्या नातलग. फारसी 'हफ्त' म्हणजे आपले सात. त्यावरूनच हप्ता आला. जमा, बाकी, रक्कम, वसूल, तारीख, हिशेब हे शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आले.

यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम हे तिन्ही धर्म याच प्रदेशात उगम पावले. शिया, सुन्नी आणि ओमानचे इबादी, लेबनॉनचे मॅरोनाइट ख्रिस्ती, द्रूझ, इराकचे यझिदी, इराणचे जरथुष्ट्री असे अनेक समाज येथे शतकानुशतके राहत आले आहेत. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल कुटुंबांनी मराठीही तेथे नेली आहे.

मुद्दलाला हात

कनातीचा एक गुण असा, की तिच्यातून डोंगर देईल तेवढेच पाणी येते. हे व्याजावर जगणे झाले. विसाव्या शतकात खोल कूपनलिका आणि पंप आले आणि मुद्दल उपसायला सुरुवात झाली. सौदी अरेबियाने १९८० च्या दशकात हजारो वर्षांपूर्वी साठलेल्या भूजलावर गहू पिकवला, काही काळ निर्यातही केला. अखेर २००८ मध्ये देशी गव्हाची सरकारी खरेदी टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा निर्णय घ्यावा लागला. इराणमध्ये अनेक कनाती कोरड्या पडल्या आहेत आणि भूजल उपशामुळे तेहरानजवळची जमीन खचते आहे. जॉर्डन नदीचे पाणी वळवल्याने मृत समुद्राची पातळी दरवर्षी सुमारे एक मीटर उतरते आहे. तेलाच्या पैशावर समुद्राचे पाणी गोडे करणे आखाती देशांना परवडते. येमेनला ते परवडत नाही.

हा विषय फार लांबचा नाही. बहमनी काळात हेच तंत्र दख्खनमध्ये आले. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आणि औरंगाबादची मलिक अंबरची नहर त्याच घराण्यातली. हैदराबादहून बिदर काही तासांच्या अंतरावर आहे. तेथील नौबाद भागातील 'करेझ' अलीकडे गाळ काढून मोकळी करण्यात आली. किल्ला पाहायला जाल तेव्हा मुलांना तेही अवश्य दाखवा, आणि घरची कूपनलिका किती फुटांवर गेली आहे, तेही सांगा.